रॉ ज्यूस टाकीचा काटा गप करण्याआधी

आमच्या साखर कारखान्यातल्या रॉ ज्यूस टाकीच्या, म्हणजे मिलमधला कच्चा रस जमतो त्या टाकीच्या, पातळीचा ट्रेंड (स्क्रीनवरचा आलेख) मागच्या हंगामात बघत राहावा असा होता. कुठं खरखर नाही, कुठं दात नाहीत, एकदम गुळगुळीत रेघ. आणि त्याच हंगामात ही टाकी वरचेवर उतू जात होती. पंप ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की रस काठावरून खाली आणि गटारातून थेट ईटीपीकडे (सांडपाणी शुद्धीकरणाकडे). हाय लेव्हलचा अलार्म वाजायचा, पण रस सांडायला लागल्यावर. शिफ्टच्या लॉगबुकात 'अलार्म उशिरा आला' हे वाक्य इतक्या वेगवेगळ्या हस्ताक्षरांत सापडलं, की कुणा एकाचा तो गैरसमज म्हणून सोडून देता येईना.

मी इथं इन्स्ट्रुमेंट विभागात रुजू झालो ते ओव्हरहॉलिंगच्या दिवसांत. पुढं बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, मोळी पडली, गाळप जोरात सुरू झालं आणि लवकरच टाकी पुन्हा उतू गेली. 'सेन्सरचं कॅलिब्रेशन तपासा' असा निरोप आला. तपासलं. चोख होतं. शून्य पातळीला 4 मिलिअँपिअरचा सिग्नल, भरलेल्या टाकीला 20, मधले बिंदूही जागच्या जागी. पण कॅलिब्रेशन करताना आपण प्रत्येक बिंदूवर आकडा स्थिर होईपर्यंत थांबतो. त्यामुळं सेन्सर खरं सांगतो की नाही एवढंच त्यात कळतं, वेळेवर सांगतो की नाही ते कळत नाही. इथं तक्रार वेळेची होती.

आधी टाकीचा हिशेब मांडला. कारखाना सांगली-कोल्हापूर पट्ट्यातला, रोजचं गाळप 5000 टन, म्हणजे तासाला 208 टन ऊस. मिलवर इंबिबिशनचं पाणी मारल्यावर मिक्स्ड ज्यूस (रस आणि पाणी मिळून) साधारण उसाच्या वजनाइतकाच निघतो. म्हणजे तासाला 200 घनमीटर, सेकंदाला 55 लिटर. आणि आमची टाकी आहे 10,000 लिटरची. एवढ्या मोठ्या मिलपुढं ही टाकी म्हणजे चहाचा कप. पंप बंद पडला आणि मिल चालूच राहिली, तर रिकामी टाकी तीन मिनिटांत भरते. रोजच्या 60 टक्के पातळीपासून धरलं तर 72 सेकंदांत काठाला लागते. अलार्म 85 टक्क्यांवर होता. पातळी तिथं पोचायला 45 सेकंद, म्हणजे अलार्मनंतर माणसाच्या हातात 27 सेकंद उरायला हवेत. तेवढ्यात दुसरा पंप घेता येतो, किंवा निदान गव्हाणीवर (मिलला ऊस टाकतात तिथं) फोन जातो. प्रत्यक्षात एकही सेकंद मिळत नव्हता.

मग कम्युनिकेटर (सेटिंग वाचायचं हातातलं यंत्र) जोडून ट्रान्समीटरच्या, म्हणजे पातळी मोजून आकडा कंट्रोल रूमला पाठवणाऱ्या यंत्राच्या, आत डोकावलं. (ज्यांना या कामाची सवय नाही त्यांच्यासाठी: सिग्नलच्या तारांमध्ये निदान 250 ओहम रेझिस्टन्स नसेल तर हार्ट कम्युनिकेटर ट्रान्समीटरशी बोलत नाही. सगळे बटण दाबून झाल्यावर हे आठवतं.) डॅम्पिंगच्या रकान्यात आकडा होता 20 सेकंद.

डॅम्पिंग म्हणजे ट्रान्समीटरच्या आतला एक साधा फिल्टर. पातळीत एकदम बदल झाला, तर तो बदल बाहेर हळूहळू सोडायचा. लिहिलेले सेकंद पूर्ण झाले की बदलाचा 63 टक्के भाग बाहेर आलेला असतो, दुप्पट वेळात 86, तिप्पट वेळात 95, आणि पाचपट वेळ गेल्यावर जवळजवळ सगळा. त्यामुळं 20 सेकंदांचं डॅम्पिंग म्हणजे 20 सेकंदांत काम झालं असं नाही. पूर्ण आकडा यायला दीड मिनिटाच्या वर लागतं. टाकी एका गतीनं भरत असेल तर हिशेब आणखी सोपा होतो. सुरुवातीची गडबड सरली की स्क्रीनवरचा आकडा खऱ्या पातळीच्या बरोबर तेवढे सेकंद मागं चालतो. आमची टाकी सेकंदाला 0.55 टक्क्यानं भरते. 20 सेकंद मागं म्हणजे 11 टक्के कमी.

पण 11 टक्क्यांनी सगळा उशीर जुळत नव्हता. लॉगबुकातल्या नोंदींवरून उशीर त्याहून जास्त दिसत होता. म्हणून प्रत्यक्ष मोजायचं ठरवलं. आमचा ट्रान्समीटर टाकीच्या बुडाशी फ्लँजवर बसवलेला आहे, डायफ्रॅमवाला, म्हणजे पातळ पडद्यावरच्या रसाच्या दाबावरून पातळी काढणारा. टाकी आणि डायफ्रॅम यांच्यामध्ये एक व्हॉल्व्ह आणि डायफ्रॅम धुवायची एक फ्लशिंग रिंग आहे. कंट्रोल रूमला सांगून लूप (पातळी बघून पंपाची गती ठरवणारा कंट्रोल) मॅन्युअलवर घेतला, पंपाची गती आहे तिथं धरून ठेवली. पातळी 60 वर होती. व्हॉल्व्ह बंद केला आणि रिंगचा प्लग एकदम मोकळा केला. चूळभर रस पायावर आला, डायफ्रॅमवरचा दाब क्षणात शून्य झाला. आता आकडा 60 वरून 22 वर यायला किती वेळ लागतो ते बघायचं, कारण 60 चे 63 टक्के उतरले की उरतात 22. वर कंट्रोल रूममध्ये माझा सहकारी मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन बसला होता, खाली मी वॉकीटॉकीवर 'सोडला' म्हणून ओरडलो. वेळ निघाली 32 सेकंदांच्या आसपास. दोन-तीनदा केलं, तेवढीच.

ट्रान्समीटर 20 म्हणतो आणि स्क्रीनवर लागतात 32. मधले 12 कुणाचे? डीसीएसमध्ये (कंट्रोल रूमच्या संगणक प्रणालीत) त्या टॅगचं, म्हणजे या सेन्सरचं, पान उघडलं, तर अ‍ॅनालॉग इनपुटच्या ब्लॉकमध्ये आणखी एक फिल्टर, 10 सेकंदांचा. एकाला दुसऱ्याचा पत्ता नसताना दोघांनी दोन टोकांना बसवलेले. ट्रान्समीटरचं डॅम्पिंग इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी वाढवलेलं; डीसीएसमधलं, बहुधा प्रणाली बसवणाऱ्या कंपनीच्या माणसानं कमिशनिंगच्या वेळी टाकलेलं. कागदावर कुठंच नाही. असे दोन फिल्टर एकापुढं एक लावले की एकदम झालेल्या बदलाचे 63 टक्के यायला 32 च्या आसपास सेकंद लागतात, आणि भरत्या टाकीचा उशीर सरळ बेरजेनं वाढतो: 20 आणि 10, तीस सेकंद. कागदावर वक्र काढून बघितला. पंप पडल्यापासून स्क्रीनवर 85 टक्के दिसायला साधारण 74 सेकंद लागतात, आणि टाकी काठाला लागते 72 व्या सेकंदाला. लॉगबुकातलं एकही हस्ताक्षर खोटं बोलत नव्हतं.

इथं सोपा उपाय होता: दोन्ही आकडे शून्यावर आणायचे आणि चहाला जायचं. पण बॉयलिंग हाऊसच्या (रसाची साखर होते त्या विभागाच्या) पॅनलवर जे अण्णा बसतात, ते या खात्यात माझ्या दुप्पट वर्षं आहेत. ते म्हणाले, "साहेब, काटा लई नाचालाय म्हणूनच आधीच्या साहेबांनी त्याला गप केलाय. आता तुम्ही परत नाचवू नका म्हंजे झालं." त्यांचं म्हणणं हट्टाचं नव्हतं. या टाकीची पातळी पंपाची गती ठरवते. पंपाची गती नाचली की हीटरकडं जाणारा रस नाचतो, पुढं सल्फिटेशनमध्ये (रस स्वच्छ करण्याच्या टप्प्यात) चुन्याचं आणि गंधकाच्या धुराचं प्रमाण त्या रसावरच ठरतं, आणि तिथला पीएच सातच्या आसपास धरून ठेवता आला नाही की त्याचा परिणाम गाळ बसवणाऱ्या क्लॅरिफायरपासून साखरेच्या रंगापर्यंत जातो. पॅनलवरच्या माणसाला टाकी शांत हवी असते ती एवढ्यासाठी. मात्र शांतता मिळवण्याचे दोन-तीन मार्ग असतात आणि इथं त्यातला सगळ्यात महाग मार्ग निवडला होता.

म्हणून आधी टाकी मुळात कशी नाचते ते बघायचं होतं. इथं एक अडचण आली, आणि ती अनेकांना येत असणार. डीसीएसचा जो इतिहास साठवला जातो तो दर 10 सेकंदाला एक बिंदू असा होता. रसाच्या पृष्ठभागावरची लाट दोन सेकंदांची असेल, तर दहा-दहा सेकंदांनी टिपलेल्या बिंदूंतून ती दिसतच नाही. उलट त्यातून भलतीच, कधी नसलेली संथ लाट तयार होते आणि आपण तिच्यावर उपाय शोधत बसतो. त्यामुळं जुना ट्रेंड बाजूला ठेवला. अर्ध्या सेकंदाला एक बिंदू घेणारा वेगळा ट्रेंड लावला, रात्रपाळीत मिल एकसारखी चालू असताना लूप मॅन्युअलवर घेतला, दोन्ही फिल्टर शून्य केले आणि बघत बसलो.

स्क्रीनवर झाडूच उमटला. सहा टक्के वर, सहा टक्के खाली, दीड-दोन सेकंदांनी. अण्णांनी माझ्याकडं 'सांगत नव्हतो का' अशा नजरेनं बघितलं.

पण त्या झाडूच्या मध्यातून जी रेघ जात होती ती जवळपास सपाट होती. जुन्या गुळगुळीत ट्रेंडमध्ये मात्र पातळी तीन-चार मिनिटांच्या अंतरानं हळूच वर जायची, हळूच खाली यायची. सगळे म्हणायचे, ते मिलचं आहे, उसाचा फीड कमी-जास्त होतो त्यामुळं. मग लूप मॅन्युअलवर घेतल्यावर ते गेलं कसं? मिल तर तशीच चालू होती. जुने आकडे परत टाकून लूप ऑटोवर घेतला, तासाभरात ती संथ लाट पुन्हा हजर. म्हणजे ती लाट कंट्रोल लूप स्वतःच तयार करत होता. कंट्रोलरला तीस सेकंद शिळी पातळी मिळत होती, त्यावर तो जोरात पंप वाढवायचा, मग टाकी खाली गेल्याचं त्याला उशिरा कळायचं, मग जोरात कमी करायचा. टाकी ही अशी गोष्ट आहे की आत आणि बाहेर यांतला फरक ती साठवत जाते. तिच्या लूपमध्ये उशीर घातला की हेलकावे ठरलेले. रस शांत जावा म्हणून डॅम्पिंग वाढवलं होतं आणि त्याच डॅम्पिंगनं रस हलवत ठेवला होता. हे अण्णांना कागदावर चित्र काढून दाखवलं. ते बराच वेळ कागद बघत राहिले, मग म्हणाले, "म्हंजे पीएच हलतोय त्यो ह्यानं?" सगळा नसेल, पण बराचसा.

आता त्या झाडूचं बघायचं होतं. टाकीवर चढून पाहिलं तर कारण उघडं होतं. डीएसएम स्क्रीनवरून गाळून आलेला रस मोठ्या पाइपातून टाकीत पडतो, तो नेमका सेन्सरच्या बाजूला, वरून, धबधब्यासारखा. खाली जिथं दाब मोजायचा तिथंच सगळी घुसळण. शिवाय पडणारा रस हवा घेऊन खाली जातो. हवा मिसळलेला रस हलका, आणि दाबावर चालणारा सेन्सर शेवटी वजनच मोजतो, त्यामुळं आकडा थोडा कमीही दाखवतो. वरच्या फेसाची मात्र त्याला फारशी पर्वा नसते. फेसाला वजन नसतं.

पुढच्या क्लिनिंगच्या बंदमध्ये फॅब्रिकेशनवाल्यांकडून त्या पाइपाला खाली एक तुकडा जोडून घेतला, तोंड नेहमीच्या पातळीच्या खाली राहील इतका, आणि सेन्सरच्या समोर स्टेनलेस पत्र्याचा एक आडोसा वेल्ड केला, खालून-वरून रस जाईल एवढी फट ठेवून. फट ठेवणं महत्त्वाचं. नाहीतर आडोशामागं बगॅसचा, म्हणजे चिपाडाचा, भुगा साचतो, आंबतो, आणि डायफ्रॅमवर थर बसला की नवंच दुखणं सुरू. फ्लशिंग रिंगला गरम पाण्याची लाइन होतीच, ती शिफ्टला एकदा उघडायची असं ठरवून टाकलं. गाळप सुरू झाल्यावर फिल्टर शून्य ठेवून पुन्हा ट्रेंड घेतला. सहाचे दोन झाले होते. हे काम कम्युनिकेटरनं झालं नसतं.

उरलेल्या दोन टक्क्यांसाठी डॅम्पिंग. किती ठेवायचं याचा माझा हिशेब असा होता. एका बाजूला लाट: दोन सेकंदांची लाट 3 सेकंदांच्या फिल्टरमधून गेली की तिच्या उंचीचा साधारण दहावा हिस्सा उरतो, म्हणजे दोन टक्क्यांचे 0.2 टक्के. दुसऱ्या बाजूला पंप पडल्यावरची टाकी: 3 सेकंद उशीर म्हणजे दीड-पावणेदोन टक्के मागं. अलार्म 45 ऐवजी 48 व्या सेकंदाला, हातात 24 सेकंद. 5 सेकंद ठेवले असते तर लाट आणखी दबली असती, पण 0.2 टक्क्यांच्या खाली दाबून करायचं काय? पंप तेवढ्यावर हलत नाही. म्हणून 3. तेही फक्त ट्रान्समीटरमध्ये, डीसीएसचा फिल्टर शून्य. दोन ठिकाणी अर्धं-अर्धं ठेवलं की पुढच्या माणसाला एकच सापडतं.

आणि रस शांत ठेवायचं काम कंट्रोलरकडं दिलं, जे मुळात त्याचंच होतं. या टाकीची पातळी 60 वर खिळून राहायला पाहिजे असा कुणाचाच नवस नाही. ती 45 ते 75 मध्ये कुठंही फिरली तरी चालतं. टाकी मध्ये ठेवली आहे तीच मिलचे धक्के पोटात घ्यायला. जुना गेन (फरकाला किती जोरात उत्तर द्यायचं तो आकडा) 5 होता आणि रीसेट (उरलेला फरक किती वेळात भरून काढायचा तो) एका मिनिटाचा. गेन टप्प्याटप्प्यानं दीडवर आणला, रीसेट पाच मिनिटांवर नेला, डेरिव्हेटिव्ह शून्यच ठेवला. आता मिलचा रस दहा टक्क्यांनी कमी-जास्त झाला तर पातळी पाच-सात टक्के सरकते, पंप हळूच तिकडं वळतो, आणि हीटरकडचा प्रवाह सपाट राहतो. ट्रेंडवर रेघ पूर्वीइतकी देखणी नाही. बारीक खरखर दिसते. अण्णांना ती पहिल्या दिवशी खटकली, पण पंपाच्या गतीचा ट्रेंड शेजारी लावून दिल्यावर ते तोच बघायला लागले.

लो लेव्हलला पंप ट्रिप होतो, तिथंही कुणीतरी डॅम्पिंगवरच भिस्त ठेवली होती, की क्षणभर आकडा खाली आला तर पंप उगाच पडू नये. त्यासाठी टायमर असतो. पातळी सलग चार सेकंद खाली राहिली तरच ट्रिप, एवढं लॉजिकमध्ये टाकलं. टायमर फक्त त्या एका निर्णयाला थांबवतो. डॅम्पिंग सगळ्यांनाच थांबवतं, अलार्मलाही आणि कंट्रोलरलाही.

या टाकीचं निस्तरल्यावर साहजिकच बाकीच्यांची मागणी आली. चुन्याच्या दुधाच्या टाकीवर रडार आहे आणि तोही नाचतो, त्यालाही तीन करा म्हणाले. तिथं गेलो तर प्रकार वेगळा निघाला. आत ढवळणारा फिरतो, त्याचं पातं रडारच्या झोतात आलं की सेन्सरला पात्याचा प्रतिध्वनी मिळतो, पातं सरकलं की चुन्याच्या पृष्ठभागाचा. आकडा 40 आणि 70 मध्ये उड्या मारत होता. अशा ठिकाणी डॅम्पिंग वाढवलं तर आकडा 50-55 वर शांत होतो, आणि त्या पातळीवर टाकीत काहीच नसतं, ना पातं ना चुना. तिथं खोट्या प्रतिध्वनीचा नकाशा सेन्सरला शिकवला, टाकी रिकामी आणि ढवळणारा चालू असताना. डॅम्पिंगला हातही लावला नाही. मळीच्या मोठ्या साठवण टाक्यांवर कुणीतरी 30 सेकंद टाकलेत, ते तसेच राहू दिले. ती टाकी भरायला दिवस जातात, तिथं अर्धं मिनिट कोण मोजतो. आणि बॉयलरच्या ड्रमकडं जायचं नाही असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ड्रममधल्या पाण्याची पातळी वाफेची मागणी वाढली की आधी फुगते आणि मग खरी खाली जाते; तिथले आकडे बॉयलरवाल्यांच्या सहीशिवाय कुणी वाचायलासुद्धा उघडू नयेत.

पुढच्या बंदनंतर मिल सुरू होण्याआधी पाण्याची चाचणी घेतली. रॉ ज्यूस टाकीत पाणी सोडलं, पंप चालू केला, पातळी धरली आणि पंप हातानं बंद केला. पाण्याची लाइन रसाइतकी जोरात येत नाही, त्यामुळं वेळ गुणोत्तरानं काढावी लागली. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागली: सेन्सर 1.05 घनतेच्या रसासाठी लावलेला आहे, म्हणून पाणी खरं 85 टक्क्यांवर असताना तो 81 दाखवतो. हा फरक वजा केल्यावर अलार्म कागदावरच्या हिशेबाच्या सेकंदा-दोन सेकंदांत आला. टाकीच्या काठावर उभा असलेला फिटर वरून ओरडला, "साहेब, अजून वीतभर जागा हाय की!"

दोन्ही ठिकाणचे आकडे, म्हणजे ट्रान्समीटरचे 3 आणि डीसीएसचा 0, कंट्रोलरच्या गेनसह एका कागदावर लिहून पॅनलच्या दाराच्या आतून चिकटवलेत. बदल करणाऱ्यानं तारीख आणि कारण तिथंच लिहायचं. दुसरा पंप 80 टक्क्यांवर आपोआप सुरू व्हावा, हा प्रस्ताव मात्र अजून इलेक्ट्रिकलवाल्यांच्या टेबलावर आहे. त्यांना त्यासाठी नवीन स्टार्टर हवाय, तो ऑफ-सीझनच्या खरेदीत धरू म्हणालेत. तोवर 24 सेकंदांत पंप बदलायचं काम पॅनलवरच्या माणसाचं, आणि अण्णा ते अठरात करतात.